नगरची मडम मलावीत

मडमांच्या मराठीवर हसायची आमच्या घराण्यात चार पिढ्यांची परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली ठाण मांडलं, आणि पुढं केव्हातरी आमचं कुटुंब त्या कंपाउंडात राहायला आलं. पणजीच्या वेळी तिथं एक मडम होती. ती मराठी शिकली ती घरी धुणं न्यायला येणाऱ्या परटिणीकडून. एकदा लेकुरवाळ्या बायांना जमवून तिनं आरोग्यावर व्याख्यान दिलं. म्हणाली, "बायांनो, बाळाला रोज धुवा, चांगलं पिळा आणि उन्हात वाळत घाला!" सगळ्या बायांनी माना डोलावल्या आणि एका सुरात म्हटलं, "होय मडमसाहेब!"

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही पोटं धरून हसत असू. मग मी विचारी, "अगं, पण कुणी तिची चूक सांगितली कशी नाही?" आजीचं उत्तर ठरलेलं असे. "बिचारी सातासमुद्रांपलीकडून आलेली! तिला कशाला हिरमुसली करायची?"

एकोणसाठाव्या वर्षी दैव मला त्या मडमेच्या जागी नेऊन बसवील, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही.

चौतीस वर्षं परिचारिका म्हणून राबून मी निवृत्त झाले. मुलगा पुण्याला, घर रिकामं. ओळखीतून कळलं की आफ्रिकेत, मलावी देशाच्या दक्षिण भागात एका मिशन हॉस्पिटलात स्वयंसेवक परिचारिका हवी आहे. तिकीट आपलं, राहणं-जेवण त्यांचं, मुदत एक वर्षाची. मी होकार कळवला. मुलगा म्हणाला, "आई, या वयात?" शेजारच्या काकू जरा घुटमळून म्हणाल्या, "म्हणजे तिथल्या लोकांना आता तुम्ही ख्रिस्ती करणार?" काकूंना तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते तिथं पोचल्यावर पंधरा दिवसांत मिळालं. २०१८ च्या सप्टेंबरात मलावीत जनगणना झाली. गणना करणारा तरुण आमच्याही दारी आला आणि मलाही मोजून गेला. पुढं आकडे प्रसिद्ध झाले. १ कोटी ७५ लाखांच्या वर वस्ती, आणि त्यांत शेकडा ७७ लोक ख्रिस्ती! रविवारी तीन-तीन तास ही मंडळी अशी काही गात असत, की माझं नगरी ख्रिस्तीपण मला अगदीच पातळ वाटू लागलं. धर्म शिकवण्याची सोय तिथं उरलेली नव्हती.

शिरे नदीच्या पूर्वेकडचा हा उंचवट्याचा मुलूख. तांबडी माती, चहाचे मळे, आणि क्षितिजावर मुलांजेचा डोंगर. त्याचं सर्वांत उंच शिखर ३,००२ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. ब्लँटायर शहरातून तिकडं जायला मिनीबस मिळते. प्रवास दोन तासांचा. पण मिनीबस वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. आणि 'भरली' या शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार फक्त किन्नरला. मी पहिल्या दिवशी मांडीवर माझी पिशवी, पिशवीवर कुणाचंसं मूल आणि पायाशी दोन कोंबड्या अशा थाटात गावात प्रवेश केला. पोरं "अझुंगू! अझुंगू!" म्हणत मागं धावली. अझुंगू म्हणजे गोरे लोक. मी मागं वळून पाहिलं, गोरं कुणीच नव्हतं. नगरच्या उन्हात करपलेली मी त्यांच्या हिशेबी गोरी ठरले होते! त्यांच्यातल्या एका शहाण्या पोराला माझ्या साडीवरून शंका आली असावी. तो म्हणाला, "अम्वेन्ये", म्हणजे हिंदी. पोरांत बराच वेळ वाद झाला. निकाल माझ्या बाजूनं लागला की विरुद्ध, हे अजून समजलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी पांढराशुभ्र पोशाख करून कामावर हजर झाले, तर मला चादरी मोजायला बसवलं. परवान्याचे कागद आल्याशिवाय रोग्याला हात लावायचा नाही, हा कायदा. कायदा योग्यच होता. पण चौतीस वर्षांच्या अनुभवावर माझी भिस्त, आणि हातात उशांचे अभ्रे! सहा आठवडे मी अभ्रे मोजले. फुरसतीत शब्द शिकले. तिथली भाषा चिचेवा. घरगुती शब्द मी झटपट उचलले. पाणी म्हणजे माझी, कोंबडी म्हणजे न्कुकू, लाकडी उखळ म्हणजे म्तोंडो, मुसळ म्हणजे मुसी. एवढ्या भांडवलावर मी बाजारात गेले.

तिथलं मुख्य अन्न न्सिमा. मक्याच्या पिठाची घट्ट उकडच म्हणा ना. पीठ म्हणजे 'उफा'. मी पीठवालीसमोर उभी राहिले आणि ठसक्यात म्हटलं, "न्दिकुफुना कुफा!" बाई दचकली. शेजारची टोमॅटोवाली उठून आली. दोघींनी मला हाताला धरून खाली बसवलं, प्यायला पाणी दिलं, आणि "पेपानी, अमायी, पेपानी" असं म्हणत पाठीवरून हात फिरवू लागल्या. पेपानी म्हणजे 'वाईट वाटलं हो', अमायी म्हणजे आई. मला वाटलं, इथं गिऱ्हाइकाची फारच आस्था! दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या सिस्टरबाईंनी खुलासा केला. 'कुफा' म्हणजे मरणे. मी भर बाजारात जाहीर केलं होतं, "मला मरायचं आहे!"

सिस्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि माझ्या वरिष्ठ. त्या हसल्या नाहीत. म्हणजे माझ्यासमोर हसल्या नाहीत. त्यांच्या खोलीचं दार लागल्यावर मात्र आतून जो आवाज आला, तो मला ओळखीचा वाटला. आमच्या आजीच्या गोष्टीनंतर आमच्या घरात यायचा, तोच.

एका गोष्टीत मात्र देवानं माझी बाजू घेतली. त्या भागात तूर पिकते! तिला म्हणतात नांदोलो. मक्याच्या सऱ्यांत तूर लावतात, जशी आमच्याकडं बाजरीत लावतात. तिथली तूर जहाजानं आपल्या देशातही येते. आपल्या वरणाचा एखादा घास मलावीचा असेल, आणि आपल्याला पत्ता नसेल. मी घरून आणलेला गोडा मसाला आणि हिंग काढला आणि फोडणी दिली. पाचच मिनिटांत पलीकडच्या दारातून "ओडी!" अशी हाक आली. तिकडं दुसऱ्याच्या दारी गेलं की ओडी म्हणायचं, आतून "ओडीनी" असं उत्तर येईतो थांबायचं. दारात सिस्टरबाई. चेहरा गंभीर. औषधांच्या कोठीत कसली बाटली फुटली का, हे पाहायला आल्या होत्या. तो माझा हिंग होता! पण आमटी त्यांनी दोनदा घेतली.

त्या वर्षी ७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. आम्ही ख्रिस्ती खरे, पण नगरला दिवाळीत शेजारून फराळाचं ताट यायचं आणि नाताळात आमच्याकडून जायचं. त्यामुळं त्या संध्याकाळी जीव जरा कासावीस झाला. मलावीची बहुतेक वीज शिरे नदीवर तयार होते, आणि नदी निघते मलावी सरोवरातून. सरोवर उतरलं की वीज उतरते. त्या रात्री ती साफच गेली. ओसरीवर आले तर घरोघरी मेणबत्त्या. दूरवर टेकडीच्या कुशीत ठिपक्याठिपक्यांनी उजेड. वीज गेल्याबद्दल आनंद वाटलेला मी त्या टापूतली एकटीच असेन.

आमच्या हॉस्पिटलातले क्लिनिकल ऑफिसर त्या रात्री ओसरीवर गप्पांना आले. मलावीत डॉक्टर थोडे. तीन वर्षांचं शिक्षण आणि वर्षाची उमेदवारी केलेले हे क्लिनिकल ऑफिसरच खेड्यांतली हॉस्पिटलं तोलून धरतात, अडलेल्या बाईचं सिझेरियनही करतात. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावाजवळ नाशिक आहे का?" मी चाट! मग त्यांनी मला माझ्याच मुलखाचा इतिहास सांगितला. १८६१ साली याच उंचवट्यावर गुलामांच्या तांड्यातून सुटलेला चुमा नावाचा मुलगा लिव्हिंगस्टनबरोबर १८६४ साली मुंबईला आला, आणि डॉ. विल्सनच्या शाळेत राहिला. १८६६ साली लिव्हिंगस्टन शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा चुमा बरोबर होता, आणि होती नाशिकच्या शरणपुरात वाढलेली मुक्त गुलामांची मुलंही. नंतर मदतीच्या तुकडीबरोबर आलेला जेकब वेनराइट, तोही नाशिकचाच. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारला. ज्या झाडाखाली त्याचं काळीज पुरलं, त्यावर नाव कोरलं ते याच जेकबनं. मग ही माणसं महिनोन् महिने चालत त्याचा देह किनाऱ्यापर्यंत घेऊन गेली. शाळेत आम्हाला लिव्हिंगस्टन होता. नाशिकचा जेकब नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते पुढच्या पंधरवड्यातलं.

माझे कागद आले आणि मला मुलांच्या कुपोषणाच्या खोलीत नेमलं. तिथल्या हॉस्पिटलात रोग्याचं जेवणखाण, धुणंपुसणं नातेवाइकांनी करायचं. त्यासाठी आवारात एक मोठी पडवी असते. पडवीत तीन दगडांच्या चुली, सामाईक उखळ, आणि संध्याकाळी धुराचा लोट. तिथं एक आजी होती. मलावीत आजी-आजोबांना अगोगो म्हणतात. तिची वीस महिन्यांची नात आमच्याकडं होती. पोरीची आई चहाच्या मळ्यावर पानं खुडायला गेलेली. पोर आली तेव्हा पायांवर सूज, केस तांबूस विरळ, आणि डोळ्यांत कशाचीच दखल नाही. आठ दिवस दर तीन तासांनी दूध पाजून सूज उतरली. नवव्या दिवशी तिनं माझ्या हातातला चमचा ओढला. असल्या खोलीत काम केलेल्यांना त्या ओढण्याची किंमत ठाऊक असते. आता तिला चिपोंदे सुरू केलं. दाण्याचा कूट, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं यांचं ते लापशीसारखं औषध. आपली दाण्याची चिक्की पातळ केली तर जसं लागेल, तसं लागतं. (मी चाखलं. एकदाच नव्हे.)

आणि त्याच रात्री पाऊस आला. पत्र्यावर असा कोसळला की बोललेलं ऐकू येईना. पहाटे सहाच्या सुमारास खोलीच्या दाराशी "ओडी!" अगोगो उभी. तिनं गुडघा किंचित लववला, ओंजळीनं टाळी वाजवली आणि ती बोलू लागली. बरंच बोलली. शेतासारखा हात पसरला, पोरीकडं बोट केलं, मग तीन बोटं दाखवली आणि म्हणाली, "म्तोंडो". हा शब्द मला आला! उखळ! आजीबाईला मका कांडायचा आहे, आणि उखळीसाठी तिचा नंबर तिसरा आहे. मी प्रसन्नपणे मान डोलावली आणि माझ्या ठेवणीतल्या चिचेवात म्हटलं, "एया, एया! झिकोमो क्वाम्बिरी!" हो, हो, फार आभारी आहे. तिनंही समाधानानं मान हलवली.

आठ वाजता पाहते तो खाट रिकामी. पडवीतल्या अर्ध्याअधिक चुली विझलेल्या. अगोगो नातीला पाठीशी बांधून चालती झाली होती.

माझं डोकं फिरलं. त्याला कारण होतं. महिन्यापूर्वी असंच अर्ध्या उपचारातून नेलेलं एक बाळ तिसऱ्या दिवशी परत आलं होतं, ते आईच्या पाठीवरच गार झालेलं. ते मीच सोडवून घेतलं होतं. मी रजिस्टर ओढलं आणि त्या पोरीच्या नावापुढं लिहिलं, "आजी न सांगता घेऊन गेली." खाली सही ठोकली. क्लिनिकल ऑफिसर म्हणाले, "येईल ती." मी म्हटलं, "तुम्हाला काय ठाऊक?" ते गप्प राहिले आणि त्यांनी चिपोंदेची बारा पाकिटं माझ्या हातात ठेवली. पोरीला भूक लागते आहे, सूज नाही, ताप नाही, तर घरी देऊनही चालेल, असं त्यांचं मत. ते मी रागाच्या भरात नीट ऐकलंसुद्धा नाही.

दोन वाजता ड्यूटी संपली आणि मी कबाझा केला. कबाझा म्हणजे सायकलची टॅक्सी. मागच्या कॅरियरवर उशी बांधलेली असते, त्यावर उतारूनं बसायचं. अंतर चौदा किलोमीटर. साडी सावरून एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर दाण्याच्या कुटाची पिशवी घेतलेली एकोणसाठ वर्षांची बाई वाटेवरच्या लोकांनी डोळे भरून पाहिली. पहिले आठ किलोमीटर ठीक गेले. पुढं तांबडा चिखल. एका उतारावर सायकल एकीकडं, सायकलवाला दुसरीकडं, आणि मी मधल्या मार्गानं चिखलात. लागलं नाही. पण उठायला गेले तर डाव्या पायातली चप्पल चिखलानं गिळलेली. आम्ही दोघांनी हात घालघालून शोधली. सापडली नाही. कबाझावाल्यानं घाबरून अर्धंच भाडं मागितलं. मी पुरं दिलं. उरलेलं अंतर मी एका चपलेनं चालले. काही वेळानं तीही काढून पिशवीत टाकली.

अगोगो शेतात होती. हाताएवढ्या दांड्याची कुदळ घेऊन वाकून सरीवर खळगे करत होती. शेजारी दहा-अकरा वर्षांचा नातू बी टाकत होता. आंब्याच्या झाडाखाली चटईवर आमची पोर बसली होती, आणि तिच्या हातात वाटी. दाण्याचा कूट घातलेली मक्याची पेज ती बोटांनी चाटत होती. मला पाहून अगोगोनं कुदळ टाकली. आपादमस्तक चिखलात माखलेली पाहुणी! तिला माझा राग दिसलाच नाही. तिनं घमेल्यात पाणी आणलं, मला ओट्यावर बसवलं आणि माझे पाय धुऊ लागली. पाय धुणाऱ्या बाईला रागवायचं कसं, हे चौतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

नातवाला शाळेतलं इंग्रजी येत होतं. त्याच्यामार्फत मी विचारलं, "न सांगता का आलात?"

आजी आश्चर्यानं माझ्याकडं पाहत राहिली. मग नातू म्हणाला, "अगोगो म्हणते, मी सांगितलं होतं. पाऊस आला, आज बी नाही पडलं तर वर्षभर घरात खायला नाही. पेरून येते म्हटलं. आणि तुम्ही 'हो, फार आभारी आहे' म्हणालात."

"केव्हा येणार म्हणाली होती?"

"म्तोंडो."

"उखळ?"

पोरगं आधी हसलं. मग आजीला सांगितलं, तेव्हा तीही हसली. शेजारच्या सरीवरच्या दोघी हातातलं काम टाकून हसायला आल्या. मग त्यानं मला बोटांवर शिकवलं. मावा म्हणजे उद्या. मकुचा म्हणजे परवा. आणि म्तोंडो म्हणजे त्याच्या पुढचा दिवस.

तेरवा! आमची आजी बोलायची तो शब्द. आमच्या नातवंडांना तो ठाऊकही नाही. चिखलात बसून मला तो इतक्या लांब ऐकू यावा! पण त्या क्षणी मला आठवत होती ती रजिस्टरातली ओळ, माझ्या सहीची.

आभाळ पुन्हा भरून आलं होतं. पेरणीची घाई. मी पदर खोचला आणि बी मागितलं. आधी त्यांनी मला मोडतं घातलं, मग दिलं. मी नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतात वाढलेली. मक्याच्या दोन खळग्यांमध्ये तुरीचं बी टाकून पायानं माती ओढली, तशी अगोगो थबकली. पायाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि एकच शब्द बोलली, "न्दिथू." नातू म्हणाला, "खरंच, म्हणते." तीन महिन्यांत त्या देशात मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र. दोन सऱ्या होतात तोच पावसानं गाठलं. ओढा भरला, परतायची वाट बंद. रात्री न्सिमा आणि माठाची भाजी जेवले आणि पोरीच्या चटईशेजारी झोपले. तिचा श्वास मोजायची सवय जाईना. रात्री दोनदा उठून मी तिचे पाय दाबून पाहिले. सूज नव्हती.

सकाळी हॉस्पिटलात पोचले तो तिथं हलकल्लोळ. फोन लागत नव्हता. रात्री दोन माणसं मला शोधून आली होती. सिस्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "अमायी, काल रजिस्टरात तुमच्याही नावापुढं लिहावं की काय, असा विचार करत होते. न सांगता गेल्या." मी मान खाली घातली. मग म्हटलं, "ती कालची ओळ खोडू का?" त्या म्हणाल्या, "रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. खाली नवी ओळ लिहा. पण ती आल्यावर."

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सगळ्यांना सांगत होते की ती नक्की येणार, आणि दर तासाला फाटकाकडं बघून येत होते. तिसऱ्या दिवशी रात्री पाऊस होता. सकाळी सात वाजता खोलीत तापमानं लिहीत होते, तर दाराशी आवाज आला, "ओडी!"

पोर पाठीवर. खाली उतरवली, तर ती थेट माझ्या खिशातल्या पेनाकडं झेपावली. काट्यावर घातली, २०० ग्रॅम वाढली होती. मी रजिस्टर काढून लिहिलं, "आजी सांगून गेली होती. सांगितल्या दिवशी परत आली." अगोगोनं कंबरेची चितेंजे सोडली. तिच्या ओट्यात मूठभर नांदोलो होते, आणि होती माझी डावी चप्पल. ओढा उतरल्यावर नातवानं हुडकून काढली होती. घासूनपुसून, उन्हात वाळवून आणली होती.

पोरीला घरी पाठवायचं ठरलं. पुढच्या तपासणीला केव्हा येणार, हे मी विचारलं. अगोगोनं सांगितलं. मी मान डोलावणार होते, तेवढ्यात थांबले. वही काढली आणि तिला पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. ती न कंटाळता सांगत राहिली, मी देवनागरीत लिहून घेत राहिले, आणि माझ्या मागं सिस्टरबाई तोंडाला चितेंजेचं टोक लावून उभ्या होत्या.